हळर्णच्या बसवर दिलेलं पाकीट

पहिला फटका पाठीवर बसला, दुसरा कानाखाली, तिसरा पोटरीवर. चौथ्यापासून तिनं मोजणं सोडलं. हे तिनं मला नंतर सांगितलं आणि मी लिहून घेतलं, कारण मी सगळंच लिहून घेते. उरलेले मीच मोजले, तिच्या अंगावर. पाठीवर सात, दोन्ही पोटऱ्यांवर मिळून पाच, डाव्या दंडावर दोन, मानेवर एक. कमरेपासून मांड्यांपर्यंतचे मोजता आले नाहीत; तिथं सगळं मिळून एकच झालं होतं. ट्रकच्या इंजिनातला पंखा फिरवणारा रबरी पट्टा असतो ना, त्याच्या आतल्या बाजूला दाते असतात. ते दाते कातडीवर ओळीनं उमटतात, शिवणीसारखे. त्यामुळे कुठला फटका कुठं संपला हे नेमकं कळतं.

तो पट्टा तिच्या भावाच्या हातात होता. पण ज्या पाकिटामुळे तो हातात आला, ते पाकीट मी पाठवलं होतं.

मी तेव्हा बेचाळीस वर्षांची होते. डिचोलीहून रोज सकाळी बसनं पणजीच्या बाजूला यायचे आणि विद्यार्थ्यांच्या आरोग्य केंद्रात परिचारिका म्हणून काम करायचे. केंद्र म्हणजे दोन खोल्या, एक पडदा, एक लोखंडी कपाट आणि मंगळवार-शुक्रवार येणाऱ्या डॉक्टरीणबाई. मुलं-मुली पदवीच्या पुढं शिकणारी, वीस-बावीसची, पण दारात उभी राहिली की सगळ्यांचं दुखणं एकच: "पोटात दुखतंय, सिस्टर." पडदा ओढल्यावर खरं निघायचं. कुणाला अंगावरून पांढरं जायचं, कुणाला खाज, कुणाची पाळी पंधरा दिवस थांबायची नाही. मुलगे तर स्वतःचं दुखणं कधी आणतच नसत.

"मित्राला लघवी करताना जळजळतं, सिस्टर."

"मग मित्राला घेऊन ये."

"तो गावी गेलाय."

"आणि पँट तुझ्याकडे ठेवून गेला का? चाल बघू पडद्यामागं."

असं चालायचं. कपाटाच्या दाराला आतून मी एक तक्ता चिकटवला होता. नाव, गाव, औषध, आणि शेवटी एक चौकोन. औषध हातात दिलं की चौकोनात बरोबरची खूण. संध्याकाळी कपाट बंद करताना एकही चौकोन रिकामा दिसला की मला जेवण गोड लागत नसे. या सवयीचं सगळे कौतुक करायचे. डॉक्टरीणबाई म्हणायच्या, तुमच्यामुळे केंद्र चालतं.

ही मुलगी हळर्णची. एम. ए.चं शेवटचं वर्ष. घरातली पहिलीच एवढी शिकलेली. रोज तीन बस बदलून यायची आणि तीन बदलून जायची. बाप शेती करणारा, मोठा भाऊ डिचोलीकडच्या खाणींवर ट्रक चालवणारा. तीन महिने तिची पाळी आली नव्हती. हनुवटीवर चार केस राठ झाले होते आणि वजन वाढलं होतं. डॉक्टरीणबाईंनी आधी लघवीची तपासणी केली, दिवस गेलेले नव्हते. मग सोनोग्राफी. बीजकोशात बारीक गाठी निघाल्या. हे दुखणं आता शाळकरी मुलींनाही माहीत असतं. तेव्हा त्याचं नाव घरात कुणी उच्चारत नसे, कारण त्याचा पुढचा अर्थ एकच लावत: हिला मूल होणार नाही.

डॉक्टरीणबाईंनी तिला समजावलं. पाच दिवस या गोळ्या घे, त्या संपल्यावर आठवड्याभरात पाळी येईल. आली की पाचव्या दिवसापासून दुसरं पाकीट सुरू करायचं, रोज एक गोळी. हे दुसरं पाकीट म्हणजे सरकारी उपकेंद्रातून लग्न झालेल्या बायकांना फुकट मिळतं तेच, पाळणा लांबवायचं. पाळी नियमित करायलाही तेच देतात.

"म्हणजे माझी वहिनी खाते ती?" मुलगी हसली.

"तीच."

"अरे देवा." मग हसू थांबवून ती मला म्हणाली, "सिस्टर, घरी काही कळायला नको."

मी मान डोलावली. तक्त्यात 'घरी कळायला नको' याला रकाना नव्हता.

पाच दिवसांच्या गोळ्या तिनं नेल्या. दुसरं पाकीट तेव्हा केंद्रात शिल्लक नव्हतं, पुढच्या आठवड्यात येणार होतं. तेवढ्यात अभ्यासाची सुट्टी लागली आणि ती यायची बंद झाली. पाकिटं आली, सगळ्यांची गेली, तिचा चौकोन रिकामा. मी हिशेब केला. गोळ्या रविवारी संपल्या असणार, म्हणजे येत्या रविवारपर्यंत पाळी, म्हणजे पाकीट आत्ताच तिच्या हातात हवं. आणि मी आमच्याकडे कुणीही करेल ते केलं. बसवर दिलं.

गोव्यात त्या काळी बस फक्त माणसं नेत नसे. विसरलेला चष्मा, लग्नपत्रिका, म्हाताऱ्यांचं औषध, म्हापशाचे उंडे पाव, मासळी, सगळं कंडक्टरच्या हाती जायचं. कंडक्टर पत्ता विचारत नाही, थांबा विचारतो. पणजीहून सुटून धारगळमार्गे हळर्णला जाणारी एक खाजगी बस होती. तिचा कंडक्टर मला ओळखायचा. मी पाकीट खाकी लिफाफ्यात घातलं, वर मुलीचं नाव लिहिलं, 'पाचव्या दिवसापासून रोज एक' असं लिहिलं, आणि काही शंका आली तर म्हणून केंद्राचा फोन नंबरही लिहिला. चौकोनात खूण केली. मंगळवारची दुपार होती ती. मी समाधानानं घरी गेले.

थांब्यावर तिचा भाऊ उभा होता. कंडक्टरनं नाव वाचलं, भाऊच तो, दिलं.

आता एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. पेडणे-डिचोलीकडच्या आमच्या घरांत बाई चार दिवस बाहेर बसायची. मागीलदारी वेगळी चटई, वेगळं ताट, कुणी शिवायचं नाही, ती कुणाला शिवायची नाही. माझ्या सासूबाई कॅलेंडरवर पेन्सिलीनं फुल्या मारायच्या, म्हणजे चतुर्थीला नैवेद्य कोण रांधणार ते आधी ठरवता येई. त्यामुळे घरातल्या प्रत्येक बाईचं पोट घरातल्या प्रत्येक माणसाला ठाऊक असायचं. शेजाऱ्यालाही. हळर्णच्या त्या घरातही कॅलेंडर होतं आणि त्यावर तीन महिने या मुलीची फुली नव्हती. आईनं ते पाहिलं होतं आणि भीतीनं तोंड मिटून घेतलं होतं. भावानं पाहिलं होतं की नाही कोण जाणे. पाकीट उघडल्यावर मात्र त्यानं कॅलेंडर खिळ्यावरून उतरवलं.

बुधवारी सकाळी साडेदहाला केंद्रातला फोन वाजला.

"सिस्टर आसात काय?"

"बोलतेय."

"पाकिटार नंबर व्हतो म्हणान फोन केलंय. मी तिची वयनी." आवाज दबका, मागं दुकानातली गडबड. "ती गोळी मीच वळखलंय ओ. माझ्या तोंडातसून गेला, अगो, ही तर माझी गोळी! मस्करेत बोललंय मी. पाकीट तेच्या हातात व्हता."

"कोणाच्या?"

"घोवाच्या माझ्या. तिच्या भावाच्या."

"मारलं का?"

"काल सांजेक मारल्यान. आज सकाळी परत. आता चिरे उचलूक लावल्यान तिका. हयले थय, थयले हय. ता पडाक व्हया म्हणता."

"काय पडायला हवं?"

तिनं रिसीव्हर तोंडाजवळ ओढला. मग म्हणाली, "पोर." आणि मग एका दमात: "उद्या सकाळी पलीकडच्या गावात न्हेतले तिका, एक बाई आसा थय. ती काडी घालता. माका पाव आणूक धाडलाहा, मी ठेवतंय."

नर्सिंग शिकताना मी वॉर्डात अशी एक मुलगी पाहिली होती, गर्भ पाडायला काडी घातलेली. तिचा ताप, तिच्या बेडखालची बादली आणि तिसऱ्या दिवशी दुमडलेली गादी. त्या मुलीच्या पोटात निदान काहीतरी होतं. हिच्या पोटात काहीच नव्हतं, दोन आजारी बीजकोशांशिवाय, आणि त्यांना फाडायला उद्या सकाळी कुणीतरी काडी घालणार होतं.

मी औषधाच्या चिठ्ठीच्या मागं लिहिलं: तपासणीचा कागद, सोनोग्राफीचा कागद, कापूस-पट्ट्या, पॅड, टॉवेल. डॉक्टरीणबाईंना फोन. पोलीस सगळ्यात शेवटी लिहिले, कारण आधी ती जिवंत हाताला लागायला हवी होती. पंधरा मिनिटांत मी बसमध्ये होते.

हळर्णला उतरले तेव्हा उन्हाचा कडाका होता. शिगम्याचे दिवस, कुठंतरी ढोल जुळवत होते. वाटेवर काजूचा वास. घराच्या आधी मला आवाज आला. दगडावर दगड ठेवल्याचा, मग थोडं थांबून पुन्हा.

अंगणाच्या एका कडेला जांभ्या दगडाच्या चिऱ्यांची रास होती आणि दुसऱ्या कडेला दुसरी, पहिल्यातूनच तयार झालेली. मुलगी मधे होती. पोटाशी चिरा धरून चालत होती, अनवाणी, गुडघे वाकलेले. ओठ फाटून सुजला होता, त्यावर लाल धूळ बसली होती. तळवे सोलवटले होते; चिऱ्यांवर ओल्या बोटांचे डाग होते. सोप्यावर बाप सुपारी सोलत बसला होता. खाली बघून. भाऊ विहिरीच्या कट्ट्याला टेकून उभा, पांढरी शुभ्र लुंगी, अनवाणी पाय, उजव्या मुठीला पट्टा गुंडाळलेला.

"कोण तुमी?"

"आरोग्य केंद्राची सिस्टर. ते पाकीट मी पाठवलंय."

"म्हणजे दलाल तूच."

"तिला पाळी येत नाही म्हणून ते औषध आहे. दिवस गेलेले नाहीत. हा तपासणीचा कागद, हा सोनोग्राफीचा. वाचून बघा."

त्यानं कागद घेतले आणि न वाचता चार तुकडे केले. "कागदार काय पण लिवतत. माझ्यो ट्रिपी आठ व्हतत, खाणीवालो कागदार धा लिवता. माका कागद दाखव नको."

आयुष्यात पहिल्यांदा माझा कागद कुणी असा फाडला. त्याच्याशी काय बोलायचं ते माझ्या यादीत नव्हतं. मी घाईनं, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "अहो, ती तसली मुलगी नाही!"

चिरा घेऊन चालणारी मुलगी थांबली आणि तिनं माझ्याकडे पाहिलं. ती नजर तेव्हा मला कळली नाही.

"तसली नाय? मगे गोळी कित्या? तीन म्हयने भायर कित्या बसूक नाय?" तो तिच्याकडे वळला. "तुका शिकाक धाडलंव आमी, ह्या शिकलंस? कोणाचा ता सांग!"

"कोणाचा नाय," ती म्हणाली. "नायच आसा काय."

पट्टा तिच्या पाठीवर उतरला. चिरा तिच्या हातून सुटून पायाच्या अंगठ्यावर पडला. ती ओरडली नाही, नुसतं तोंड उघडलं. मी मधे गेले. दुसरा फटका माझ्या मनगटावर बसला. घड्याळाची काच फुटून कातडीत गेली. तो माझ्यावर ओरडला, "तू सर गो मधून, म्हातारे! न्हय तर तुकाव चिरे उचलूक लावतंय!" आणि मला खांद्याला धरून असं लोटलं की मी चिऱ्यांच्या राशीवर बसले.

मग त्यानं तिची वेणी धरली, मनगटाभोवती एक वेढा दिला आणि तिला विहिरीच्या कट्ट्याकडे ओढलं. "चड वर. उडी मार. धा उड्यो मार. पडता काय नाय बघूया."

कट्टा छातीइतका उंच. खाली दगडी फरशी. मागीलदारी आई पदर तोंडात कोंबून उभी होती, तिच्या मागं वहिनी. बापाच्या हातातली सुपारी थांबली होती, पण तो उठला नाही.

मुलगी कट्ट्याला हात टेकून उभी राहिली. तिनं भावाच्या लुंगीकडे पाहिलं. मग सोप्यावर ठेवलेल्या नारळाकडे. तो नारळ संध्याकाळी मांडावर, शिगम्याच्या देवाच्या जागी, जायचा होता. शिगम्याच्या नमनाचा मान त्या घराकडे होता आणि यंदा तो या भावाकडे आला होता. तो आठवडाभर मासळी शिवला नव्हता, चप्पल घातली नव्हती, सोवळ्यात होता. हे सगळं मला नंतर कळलं. तिला आधीपासून ठाऊक होतं.

"सोड!" ती किंचाळली. "शिवू नको माका! मी भायर झालंय!"



त्यानं वेणी सोडली. सोडली नव्हे, झटकली. वेढा सुटेना म्हणून दोन वेळा झटकली. मग आपल्या तळहाताकडे पाहिलं. पट्टा तिच्या अंगाला लागलेला होता, तोही त्यानं टाकला. एक, दोन, तीन, चार पावलं मागं गेला. ज्या माणसाला सोनोग्राफी पटली नव्हती, ज्यानं बहिणीच्या अंगावर पट्टा चालवताना हात आखडला नव्हता, तो आता तिची सावली आपल्या पायावर पडत नाही ना ते बघत होता.

"फट मारता, खोटा सांगता," तो म्हणाला, पण जागेवरूनच. "आये, बघ तिका."

आई पुढं आली. तिनं मुलीला गोठ्यामागं नेलं. मी चिऱ्यांवर बसून मनगटातली काच काढत होते आणि मनातल्या मनात मोजत होते: रविवारी गोळ्या संपल्या, आज बुधवार, तीन दिवस. येऊ शकते. तेवढं औषध चालू शकतं.

आई मुलीला घेऊन परत आली. मुलाकडे न बघता बोलली. "व्हय. भायर झाली." आणि मग जरा मोठ्यानं: "आता परत शिवलंस तर मांडार पाय ठेवू नको."

मी उठले, मुलीजवळ गेले आणि सगळ्यांच्या देखत तिचा हात धरला. घट्ट धरला. आता मीही शिवायच्या पलीकडे गेले. मला हे सुचलं याचा मला आजही अभिमान आहे. आणि हेच वापरावं लागलं याची लाजही.

"हिला मी नेतेय," मी म्हणाले. "सोमवारी हिची परीक्षा आहे."

भाऊ वाटेत उभा होता. मी तिला घेऊन सरळ त्याच्या अंगावर चालत गेले. तो बाजूला झाला. त्याला व्हावंच लागलं.

वहिनीनं आतून पुस्तकांची पिशवी आणली आणि लांबूनच म्हणाली, "घे गो, फेकतंय." पिशवी मुलीच्या पायाशी पडली. नुसती पुस्तकं नव्हती. कपडेही कोंबले होते, आणि वर पावात भरलेली भाजी. बाप पहिल्यांदा बोलला. कुणालाच उद्देशून नव्हे, सुपारीला म्हणाल्यासारखा. "बस साडेतीनाची आसा."

भाऊ रस्त्यापर्यंत मागं आला, चार पावलांचं अंतर राखून. शिव्या देत. हात लावता येत नव्हता म्हणून त्यानं चिऱ्याचे तुकडे उचलले. दगडाला विटाळ नसतो. पहिला माझ्या पाठीत बसला, दुसरा तिच्या टाचेवर. तिसरा बसच्या पत्र्यावर वाजला तेव्हा कंडक्टर पायरीवर लटकून ओरडत होता, "चला चला चला, बाई, चडा वर! ए फुडे घे रे, फुडे घे!"

तोच कंडक्टर. त्यानं तिचा चेहरा पाहिला. मागच्या बाकावरच्या दोघांना त्यानं उठवलं, "उठा रे, पेशंट आसा." पाण्याची बाटली आणून दिली. मग माझ्याशेजारी वाकून म्हणाला, "बाई, मीच दिल्लंय पाकीट तेका. भाऊस म्हणान दिलंय."

"चूक माझी," मी म्हणाले. "तुमची नाही."

धारगळ मागं पडल्यावर मी पिशवीतून पॅड काढलं. "म्हापशाला उतरलो की आधी हे. खूप जातंय का?"

"काही जात नाहीये, सिस्टर."

मला कळेना. "म्हणजे?"

"आलीच नाही पाळी. खोटं बोलले मी."

"पण आईनं बघितलं ना?"

"बघितलं." तिनं सुजलेला ओठ टॉवेलनं दाबला. "बघितलं, आणि माझ्या कानात म्हणाली, आवाज करू नको."

 कोलवाळचा पूल आला. ती खिडकीतून नदीकडे बघत होती. मग बघता बघताच तिनं विचारलं, "सिस्टर, तुम्ही म्हणालात, ती तसली मुलगी नाही."

"हो."

"तसली असते तर?"

माझ्या हातात कापूस होता. मी तो तिच्या तळव्यावर ठेवला, पट्टी बांधली, गाठ मारली, गाठ सैल वाटली म्हणून सोडून पुन्हा मारली.  

वसतिगृहाच्या पाहुण्यांच्या खोलीत तिची सोय केली. डॉक्टरीणबाईंनी तिला तपासलं, मी फटके मोजून लिहिले, डॉक्टरीणबाईंनी सही केली. पायाच्या अंगठ्याचं नख गेलं होतं. पोलिसांत जाऊया म्हणून मी तिथंच कागद पुढं केला. "पेपर झाल्यावर," ती म्हणाली. पेपर झाल्यावर ती गेली, एकटी, माझा कागद घेऊन. पोलीस भावाला बोलावून काय ते बोलले. मला तेवढंच माहीत. ती परत हळर्णला राहायला गेली नाही. पुढं आमच्या डिचोलीतच खोली घेऊन राहिली, शाळेत लागली. आई बाजाराच्या दिवशी भाजी विकायला येते, तेव्हा भेटते. वहिनीचा मला आणखी एकदाच फोन आला होता, त्याच आठवड्यात. सांगत होती, त्या दिवशी नवऱ्यानं तीन वेळा अंघोळ केली आणि संध्याकाळी मांडावर नमन म्हटलं. आवाज चांगला लागला म्हणे.

केंद्रात मी तक्ता फाडून नवा केला. नावं काढली, नंबर घातले. बसवर काही द्यायचं नाही. औषध ज्याचं त्याच्याच हातात, नाहीतर चौकोन रिकामा राहू दे. आणि माझ्या स्वतःच्या वहीत मागच्या पानावर एक यादी सुरू केली, बोलायच्या नाहीत अशा वाक्यांची. पहिलं वाक्य 'ती तसली मुलगी नाही' हे आहे. पुढच्या वर्षांत किती मुली आल्या, त्यातल्या कितीतरी 'तसल्या' होत्या. गर्भ राहिलेल्या, रोग लागलेल्या, नुसत्या घाबरलेल्या. त्यांना मी आधी विचारायचे, घरी कुणाचा हात चालतो? मग बाकीचं.

पण त्या आठवड्यात अजून हे काही नव्हतं. शनिवारी सकाळी मी कपाट उघडत होते तेव्हा ती दारात आली. ओठ उतरला होता, गालावर हिरवट पिवळा डाग राहिला होता. लंगडत होती.

"सिस्टर, आता खरंच आली."

आम्ही दोघी एकमेकींकडे पाहून हसलो. तिचा ओठ पुन्हा फाटला, रक्त आलं, तरी ती हसत राहिली. मग रडली. मी तिला कोमट पाणी दिलं, पॅड दिलं, नवं पाकीट दिलं.

"आज पहिला दिवस. म्हणजे बुधवारपासून सुरू करायचं," मी म्हणाले आणि सवयीनं पेन्सिल घेऊन तक्त्याकडे वळले.

"फुली नका मारू."

"फुली नव्हे, बरोबरची खूण असते आमच्याकडे."

"तीपण नको. मी लक्षात ठेवीन."

मी पेन्सिल कानावर ठेवली. ती बसायला गेली आणि लाकडी बाकाला टेकताच पुन्हा उठली, डोळे मिटून, दात चावून. सोमवारी सकाळी नऊला तिचा पहिला पेपर होता, तीन तास, आणि परीक्षेच्या हॉलमधले बाक असेच. मी तिला पलंगावर कुशीवर झोपवलं, पडदा ओढला, आणि जाड उशी कुठं मिळते ते बघायला बाहेर पडले.